पाठवणीचा ब्लूज

परवा बाणेरला एका कॉफीच्या दुकानात माझ्या टीममधल्या एका मुलीने मला जॅझ समजावून सांगितला. वयाने माझ्या निम्मी, कामात हुशार, स्वभावाने गोड. वरच्या स्पीकरवर क्लॅरनेट वाजत होतं आणि मी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. तिला वाटलं, मी कंटाळलेय. "मॅम, हे शंभर वर्षांपूर्वीचं म्युझिक आहे," ती म्हणाली, "याची टेस्ट हळूहळू डेव्हलप होते." मी म्हटलं, "हो का?" पुण्यात या दोन शब्दांत बरंच काही म्हणता येतं, पण ती अमरावतीची असल्यामुळे तिला काही लागलं नाही. ऐकण्यासारख्या गाण्यांची यादी पाठवायचं तिने वर कबूल केलं.

माझी टेस्ट डेव्हलप व्हायला वेळच मिळाला नाही. मी त्या चालींवर दात घासलेत. लोकांचा पक्का समज आहे की हे संगीत पुण्यात आयटीबरोबर आलं, म्हणजे आधी काचेच्या इमारती, मग महागडी कॉफी आणि तिच्या मागोमाग जॅझ. साफ खोटं. स्वारगेटच्या एसटी डेपोमागे आमच्या एका खोलीच्या घरात ते कितीतरी आधीपासून राहत होतं, आणि या शहरातल्या शेकडो मुली त्याच्यावर रडून सासरी गेल्या आहेत. माझे वडील लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे.

अण्णा मूळचे मांजरीचे. तरुणपणी सायकल मारत कॅम्पात आले आणि तिथल्या मिलिटरी बँडात लागले. तिथल्या म्हाताऱ्या बँडमास्तरांनी त्यांना क्लॅरनेट शिकवलं आणि कागदावरचं संगीत वाचायला शिकवलं. मास्तर पुणं सोडून गेले तेव्हा अण्णांच्या हातात कागदांचं एक बाड देऊन गेले. त्यात अकरा चाली होत्या. सगळ्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या, फार जुन्या, नीट सांभाळ, एवढंच ते बोलले. पुढे अण्णांनी मिलिटरीचा बँड सोडला आणि लग्नाच्या बँडात आले. अंगावर लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या, आणि ट्रंकेत ते बाड.

त्यातला एक कागद वरच्या बाजूने वाळवीने खाल्ला होता. त्यामुळे त्या चालीचं नाव काय, ती कशासाठी केलेली, काहीच कळायला मार्ग नव्हता. नेमकी तीच अण्णांची सगळ्यात लाडकी. रोज सकाळी मी नळावर असताना ती सुरू व्हायची, आणि डेपोतल्या गाड्यांच्या घरघरीतूनही ऐकू यायची.

ती चाल त्यांनी मला बोटांवर शिकवली. कागदावर उभ्या रेघांनी पाडलेले बारा खण असतात. अंगठा सोडला तर हाताला चार बोटं आणि प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे बारा. वरच्या चार पेरांवर पहिली ओळ. मधल्या चार पेरांवर पुन्हा तीच ओळ. खालच्या चार पेरांवर तिचं उत्तर. मग अंगठा परत वर न्यायचा.

"तीच ओळ दोनदा कशाला?" मी विचारलं होतं.

"पयल्यांदा कोण ऐकतंय?" अण्णा म्हणाले.

गंधाराच्या आसपास एका जागी ते सूर वाकवायचे. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. शाळेतल्या आमच्या गाण्याच्या बाईंनी एकदा ऐकून सांगितलं होतं की तुझ्या वडिलांचा ग बेसूर लागतो. मी घरी येऊन भांडले. अण्णांनी शांतपणे तो सूर सरळ लावून दाखवला आणि सगळ्या चालीतला जीवच गेला. मग पुन्हा वाकवून लावला. "सरळ लावला की खोटं वाटतंय," ते म्हणाले. मी बाईंना काही सांगायला गेले नाही, पण त्या वर्षी गाण्याच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलं.

या चालींना तिकडे ब्लूज म्हणतात; त्या इतकी वर्षं का टिकल्या, यावर जाडजूड पुस्तकं असतील. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला ती तिसरी ओळ माहीत आहे. पहिल्या दोन ओळी एकच दुःख दोनदा सांगतात, आणि तिसरी समजूत वगैरे घालायच्या भानगडीत पडत नाही. असं आहे, आता मी काय करते बघा, असं ती म्हणते, आणि ताठ मानेने म्हणते. मी सातवीत असताना आई गेली. तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण देवाची इच्छा म्हणायचा आणि मला त्या माणसांचा संताप यायचा. नळावर दात घासताना ऐकू येणाऱ्या त्या चार पेरांचा कधी आला नाही.

बँडात वरातीला सिनेमाची गाणी वाजायची. संध्याकाळी पाठवणीला मात्र सगळा बँड गप्प व्हायचा आणि अण्णा एकटे दोन पावलं पुढे यायचे. मागे फक्त मोठा ढोल, तोही हलक्या हाताने. ही चाल पाठवणीची आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती वाजवून बघून ठरवलं होतं. कुणीतरी घरातून निघालंय आणि आता परत पहिल्यासारखं येणार नाही, हे तिच्यात स्वच्छ ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी रडायची, आई रडायची, एरवी वाढप्यांवर आणि आचाऱ्यांवर खेकसणारे काका लोक खांबामागे जाऊन नाक शिंकरायचे. गाडी निघाली की अण्णा थांबायचे. बँडात त्या चालीला नुसतं 'पाठवणीचं' म्हणायचे.

मी कॉलेजात असताना देश खुला झाला म्हणे. आमच्याकडे तो केबलच्या वायरीतून आला. बँडच्या हातगाडीवर कीबोर्ड आला, भोंगे आले, मागून जनरेटर आला. त्या गोंगाटात क्लॅरनेट कुणाला ऐकू जाणार? बँडच्या मालकांनी एकेक करत अण्णांची गाणी काढून घेतली. पाठवणीचं तेवढं राहिलं, कारण कीबोर्डवर कुणाला रडू येत नाही हे मालकांनाही दिसत होतं. दिवसभर अण्णा मागच्या रांगेत नुसते उभे राहायचे आणि शेवटची पाच मिनिटं वाजवायचे. त्या पाच मिनिटांवर ते खूश होते.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हूल होती, त्यामुळे कंपन्या धडाधड माणसं घेत होत्या. मी एका छोट्या कंपनीत लागले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम. मला ते झकास जमायचं.

पुढची चूक माझी. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं लग्न कात्रजच्या रस्त्यावरच्या कार्यालयात होतं आणि बँड अण्णांचा होता. जेवणं झाल्यावर सगळे कटायच्या बेतात होते. मीच सगळ्यांना अडवलं. "पाठवणीला थांबा," मी म्हटलं, "माझे वडील वाजवणार आहेत." आमच्यातला एक जण नुकताच आठ महिने अमेरिकेत काम करून आला होता. तोही थांबला, आइस्क्रीमची वाटी हातात घेऊन.

अण्णांनी पहिली ओळ वाजवली आणि हा हसायलाच लागला. "अरे, हे तर फ्युनरलचं आहे! तिकडे साउथला एका शहरात बँड लावून बॉडी नेतात. मी स्वतः पाहिलंय. जाताना एकदम स्लो, सेम हीच ट्यून!" शेजारी नवरीची आत्या उभी होती. तिने विचारलं, काय म्हणताय? त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने तिला मराठीत सांगितलं. "मयताचं आहे हो हे, काकू."

पुढचं सांगायला नको. आत्याने किंचाळून ढोलावर हात ठेवला. नवरीच्या वडिलांनी मालकांना सगळ्यांसमोर नको नको ते ऐकवलं. अण्णा क्लॅरनेट ओठांपासून लांब धरून उभे होते आणि काय झालंय हे त्यांना कळत नव्हतं. मी पुढे गेले नाही. ऑफिसच्या लोकांमध्ये उभी राहिले. हेही लिहून ठेवते.

आठवड्याभरात गावभर झालं. एका कार्यालयाच्या मॅनेजरने दुसऱ्याला सांगितलं, गुरुजींनी यजमानांना सांगितलं. मालकांनी पाठवणीचं बंद केलं, आणि मग अण्णांना म्हणाले, सीझन संपेपर्यंत घरी बसा. सीझन संपला तरी बोलावणं आलं नाही.

"पोरी," अण्णा मला म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरात बघ की. खरं हाय का ते?"

मी ऑफिसात इंटरनेटवर शोधलं. तेव्हा एक पान उघडायला चहा पिऊन होई. दोन दिवस लागले, शेवटी एका पानावर तेच बारा खण सापडले. खरं होतं. ती चाल तिकडे प्रेताबरोबर चालताना वाजवायचे. मी घरी येऊन सांगितलं. वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"आणि परत येताना?"

"परत येताना तीच चाल, पण जोरात. नाचत येतात म्हणे."

अण्णांनी ट्रंकेतून तो कागद काढला आणि उलटा केला. मागच्या बाजूला त्याच चालीचे बारा खण होते, बारीक बारीक सुरांनी भरलेले. "मला वाटायचं, हे बोटं सुटायला दिलंय," ते म्हणाले. "सरावाचं. कधी वाजवलं न्हाई. गाडी गेली की आपलं काम संपायचं." मग कागद पुन्हा सुलटा करून म्हणाले, "मंग हे तुझ्या आईला वाजवायचं हुतं."

त्यानंतर त्यांनी मुली आठवायला सुरुवात केली. अमकीच्या लग्नात वाजवलं होतं, ती परत माहेरी आली. तमकीला मूल नाही. ती भवानी पेठेतली, तिचा नवरा अपघातात गेला, नाही का? मी म्हटलं, "अण्णा, ज्यांच्या लग्नात सिनेमाचं वाजवलं, त्या सगळ्या सुखात आहेत का?" त्यांनी क्लॅरनेटचे तुकडे सुटे केले, फडक्यात गुंडाळले आणि ट्रंकेत तळाशी ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ते कात्रजला मेहुण्याच्या सायकलच्या दुकानात जाऊन बसू लागले.

मला आला तो राग अजून गेलेला नाही. हलगी लग्नात वाजते आणि तिरडीपुढेही वाजते, हलगीला कुणी अपशकुनी म्हणत नाही. झेंडूची फुलं दोन्हीकडे तीच. आपलं माणूस पोचवायला निघालेल्या लोकांनी ती चाल केली होती. आम्ही काय वेगळं करत होतो? पंचवीस वर्षं तुम्ही तिच्यावर पोटभर रडलात, ते रडणं खरं होतं, आणि एकाने आइस्क्रीम खाता खाता चार वाक्यं सांगितली की ते खोटं झालं?

वर्षभराने माझं लग्न ठरलं. ऑफिसातलाच, कमी बोलणारा, शनिवार पेठेतल्या घरातला. त्याची आई निवृत्त शिक्षिका. आम्ही बोलणी करायला गेलो तेव्हा त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, मग चहा दिला.

"आपल्याला बँड नको आहे," त्या म्हणाल्या. "सनईची कॅसेट आहे आमच्याकडे. चांगली आहे."

"माझे वडील बँडात होते," मी म्हटलं.

"हो, ऐकलंय आम्ही. म्हणूनच म्हटलं."

अण्णा कपातल्या चहाकडे बघत बसले होते. आई नसल्यामुळे कन्यादानाला मामा-मामी बसणार होते, हे ठरलेलंच होतं. म्हणजे माझ्या लग्नात माझ्या वडिलांना करायला काही म्हणजे काही नव्हतं. शेकडो परक्या मुलींना ज्यांनी पोचवलं, त्यांनी माझ्या वेळी पाहुण्यासारखं बसून जिलेबी खायची होती.

"पाठवणीला अण्णा वाजवतील," मी म्हटलं. "तेच वाजवतील, जे नेहमी वाजवायचे. नाहीतर पाठवणी करूच नका. मी रिक्षाने येईन तुमच्याकडे, बॅग घेऊन, एकटी. आणि तेही चालणार नसेल तर आत्ताच सांगा, चहा अजून गरम आहे."

माझा होणारा नवरा तोपर्यंत बिस्किटाशी खेळत होता. तो म्हणाला, "रिक्षा बरी पडेल, आई. त्या कार्यालयाला पार्किंग नाही."

"अहो, ठरवा मग तुम्हीच सगळं," असं म्हणत त्यांनी कपबशा उचलल्या. शनिवार पेठेत याला होकार म्हणतात.

खरा नकार घरी मिळाला. "तुझ्या लग्नात न्हाई वाजवणार," अण्णा म्हणाले. मी चिडले, ओरडले. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाले, "लोकांच्या पोरींना नेणतेपणी वाजवलं. तुला जाणूनबुजून कसं वाजवू?" तरी मी म्हटलं, "मला दुसरं काही नको. दोनदा सांगतेय, पहिल्यांदा तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून." ते उठून बाहेर गेले. लग्नाच्या दिवसापर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही आणि ट्रंक उघडल्याचाही आवाज आला नाही.

लग्न दुपारचं होतं, स्वारगेटजवळच्याच एका कार्यालयात. सनईची कॅसेट खरंच चांगली होती. मामा-मामी बसले, मंत्र झाले, जेवणं झाली. अण्णा दिवसभर पांढऱ्या सदऱ्यात एका खांबापाशी उभे होते, लोक आले की हात जोडत होते. पाच वाजता ते तिथे दिसेनात. मला वाटलं, निरोप नको म्हणून ते निघून गेले. मी तशीच तरातरा फाटकापर्यंत आले.

फाटकापाशी बँडातला म्हातारा ढोलवाला उभा होता, ढोल गळ्यात अडकवून. ढोलाच्या दोरीला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने एक जुना कागद लावलेला होता. ती चाल अण्णांना पाठ होती, मग कागद कशाला, असं मला वाटून गेलं. तेवढ्यात मुदपाकखान्याच्या दारातून अण्णा आले. अंगात लाल कोट. कसरीने दोन-तीन ठिकाणी खाल्लेला, सोनेरी दोरी एका खांद्यावरून सुटलेली. सासूबाई "अगंबाई" म्हणाल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या.

अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "जाणूनबुजून वाजवतोय, बरं का," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पहिली ओळ. कुणीतरी कुजबुजलं, हेच ते. माझी एक चुलत आजी अंगणातून उठून आत गेली. तो वाकवलेला सूर लागला तेव्हाही मी खाली बघितलं नाही. दुसऱ्यांदा तीच ओळ आली आणि अंगण शांत झालं. कडेला बघितलं तर सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मग तिसरी ओळ, ताठ. मी अण्णांच्या पाया पडले. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही, आशीर्वाद क्लॅरनेटमधूनच दिला म्हणायचं. मी गाडीत बसले, मागच्या सीटवर, सासूबाईंच्या शेजारी.

गाडी निघाली आणि क्लॅरनेट थांबलं. नेहमीसारखं. मी जिंकले होते. ज्याच्यासाठी एवढी भांडले ते मिळालं होतं. मी डोळे पुसले.

आणि मागून ढोल पुन्हा सुरू झाला, पण दुप्पट वेगाने. मग क्लॅरनेट. तीच चाल, नाचत, उड्या मारत, मी आयुष्यात कधीही न ऐकलेली. सासूबाई दचकून म्हणाल्या, "आता हे काय?"

"परतीचं आहे," मी म्हटलं.

म्हणता म्हणता मला कळलं. कागद त्यासाठी होता. त्यांनी तो उलटला होता. इतके दिवस मी माझ्या पाठवणीसाठी जगाशी भांडत होते, आणि माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं की गाडी गेल्यावर त्या फाटकातून अण्णांना एकट्याला डेपोमागच्या त्या खोलीत परत जायचंय. मी तोंड फिरवून मागे बघणार होते. बघितलं नाही. शालूखाली अंगठा वरच्या पेरावर ठेवला आणि मोजायला लागले. चार पेरं, पुन्हा चार पेरं. स्वारगेटच्या चौकात बसचे हॉर्न सुरू झाले आणि खालच्या रांगेतल्या दुसऱ्या पेरावर क्लॅरनेट ऐकू यायचं बंद झालं. राहिलेली दोन पेरं मी तशीच मोजली.